ऑनलाइन बॅचला एपिडेमिऑलॉजी शिकवायची कशी?

प्रश्न: नमस्कार मॅडम. नोकरी करणाऱ्यांसाठी जो डिस्टन्स एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स पदवी) असतो त्याच्या बॅचला मी एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला, कुठे, किती आणि का होतात याचा अभ्यास, शिकवते. कुणी पालघरकडे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर, कुणी नर्स, कुणी एनजीओत. रविवारी ऑनलाइन लेक्चर असतं, स्लाइड्स मेहनतीने बनवते, पण सगळ्यांचे कॅमेरे बंद, काही विचारलं की शांतता आणि असाइनमेंट तर एकमेकांच्या कॉपी. फील्ड न दाखवता हा विषय शिकवता येतो का?
– एक प्राध्यापिका, मुलुंड

उत्तर: अहो, फील्ड तर तुमच्या विद्यार्थ्यांच्या पायाखालीच आहे! ते रोज तिथेच उभे असतात, रेजिस्टर त्यांच्या टेबलावर असतं, आपणच त्यांना स्लाइडकडे बघायला लावतो. कॅमेऱ्याचं मनावर घेऊ नका, रात्रपाळी करून आलेल्या नर्सला चेहरा दाखव म्हणणं मला तरी पटत नाही.

लेक्चर छोट्या तुकड्यांत रेकॉर्ड करून आधीच पाठवा, नुसता ऑडिओ असला तरी चालेल, लोकलमध्ये ऐकता येतो. रविवारचा वेळ फक्त गणितं सोडवायला ठेवा. उदाहरणार्थ लग्नात 140 माणसं जेवली, 80 जणांनी श्रीखंड खाल्लं त्यातले 40 आजारी पडले, 60 जणांनी खाल्लं नाही त्यातले 6 पडले (आकडे सरावापुरतेच आहेत). वहीवर टू बाय टू टेबल (खाल्लं-न खाल्लं, आजारी-बरे असे चार चौकोन) काढायला सांगा, खाणाऱ्यांत 50 टक्के आणि न खाणाऱ्यांत 10 टक्के, म्हणजे रिस्क पाचपट, आणि मग विचारा की श्रीखंड न खाणारे ते 6 जण का आजारी पडले असतील? इथे लोक बोलायला लागतात, कारण असा आउटब्रेक त्यांच्यातल्या कुणीतरी स्वतः हाताळलेला असतो आणि ते तुमच्यापेक्षा जास्त सांगतात, सांगू द्या.

कॉपीचं म्हणाल तर प्रश्नच असा द्या की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. तुमच्याकडे डेंग्यूच्या केसेस किती आणि त्या कुठल्या लोकसंख्येतून आल्या? हा डिनॉमिनेटर (ज्या लोकसंख्येने भागायचं ती) मुंबईत तर फारच घोळ घालतो, परळच्या केईएममध्ये अख्ख्या महाराष्ट्रातून पेशंट येतात, मग तिथले आकडे घेऊन परळचा रेट कसा काढणार? पत्ते बघून वेगळे करावे लागतात, ते एकदा स्वतः केलं की विद्यार्थी विसरत नाही. एपी कर्व्हसाठी (कुठल्या दिवशी किती जण आजारी पडले त्याचा आलेख) पावसाळा घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा आजार) पेशंट वाढले. लेप्टोचा इन्क्युबेशन पिरियड (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) बहुतेक वेळा 5 ते 14 दिवसांचा, तर वॉर्ड कधी भरायला लागेल ते आधी त्यांनाच सांगू दे. ज्यांच्याकडे रेजिस्टर नाही त्यांना एनएफएचएस-5 ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेची पाचवी फेरी) जिल्ह्यांची फॅक्टशीट द्या, फुकट मिळते, आणि हा सर्व्हे आपल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनेच केलाय.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगा, पेशंटच्या नावांसकट रेजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकायचा नाही, फक्त मोजलेले आकडे. आणि असाइनमेंट आली की चार ओळींचं का होईना उत्तर आठवड्याच्या आत जाऊ दे, लांबून शिकणारा माणूस गळतो तो बहुतेक कुणी उत्तरच देत नाही म्हणून.

प्रश्न: मी दवाखान्यात नर्स आहे, डिस्टन्सने एमपीएच करतेय. डिझर्टेशनला आमचेच टीबीचे पेशंट घेतले तर चालेल का?
– वाचक, गोवंडी

उत्तर: चालेल ना, विषय चांगलाच आहे. पण ऑफिसची परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही फॉर्म भरून घेऊ नका. आणि कन्सेंट (पेशंटची संमती) तुम्ही स्वतः घेऊ नका, तुमच्या हातून गोळ्या घेणारा पेशंट तुम्हाला नाही कसं म्हणेल? ते काम दवाखान्याबाहेरच्या कुणाला तरी द्या. दुसरं म्हणजे फक्त दवाखान्यात येणाऱ्यांशीच बोललात तर मधेच औषध सोडून गावी गेलेले सगळे सुटतील आणि साध्या टीबीचा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा असतो, त्यात काम सुटलं, खोली बदलली की माणूस जातोच. त्यांचे फोन नंबर लागतात का ते आधी बघा, गाइडशी बोलून मगच सॅम्पल ठरवा.