आता सगळं स्कॅनरवर निघतं, मग गॅरेजात हाताचं काम शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा आयटीआय झालाय आणि आता गॅरेजात हात काळे करायचे की थेट डायग्नोस्टिकचा कोर्स लावायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगलीत दुचाकीचं गॅरेज आहे. माझं मत विचाराल तर आधी गॅरेज. स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, चालवायला फार दिवस लागत नाहीत.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांतला साधा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, गेला. आधी गाडी मिसिंग करायला लागली की जेट साफ करायचा, प्लगचा रंग बघायचा, आवाजावर स्क्रू फिरवायचा. आता चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड येतो. पोरं फसतात ती इथंच. समजा पी0122 आला. मूठ किती पिळली ते सांगणाऱ्या थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नलचं व्होल्टेज कमी येतंय, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर गेलाय असं ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, कुठं म्हणतो?

जुलै 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाड्या आमच्याकडं पुढं कितीतरी दिवस येत होत्या. वरून धुऊन चकाचक, पण कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला की पिनांवर हिरवा थर. अशा वेळी मल्टिमीटर काढायचा. सेन्सरला तीन वायरी असतात. चावी ऑन, इंजिन बंद. एका वायरीवर 5 व्होल्ट पाहिजेत, दुसरी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. मूठ हळूहळू पिळत न्या, सिग्नल अर्ध्या व्होल्टाच्या आसपासून चारपर्यंत न अडखळता चढला पाहिजे. 5 व्होल्टच पोचत नसतील तर नवा सेन्सर घालूनही दिवा तसाच राहणार. खात्री न करता गिऱ्हाइकाला ‘पार्ट बदलून बघू’ म्हणणं ही मला सरळसरळ लबाडी वाटते. त्याच्या कष्टाचे पैसे असतात ते.

एकदम तीन-चार कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. इंजिनातल्या व्हॉल्व्हचा टॅपेट सैल झाला, क्लच प्लेट घासली, तर कोड येतच नाही. ते कानाला आणि हातालाच कळतं.

स्कॅनरला मात्र कमी लेखू नका. लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, लावून ठेवा आणि वायरिंग हातानं थोडं थोडं हलवत जा. जिथं आकडा उडी मारेल तिथंच वायर आतून तुटलेली सापडते. पूर्वी हे शोधण्यात अख्खा दिवस जायचा.

आणि कोड पुसायच्या आधी वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहून ठेवा. तीच गाडी परत आली तर तपास कुठून सुरू करायचा ते कळतं.