इंडियन डर्बीचा घोडा पारखताना

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या इंडियन डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचा पहिल्यांदाच अभ्यास करताय, तर आधी पल्ला डोक्यात ठेवा: 2400 मीटर. डिसेंबरातली इंडियन 2000 गिनीज ही शर्यत 1600 मीटरची. ती जिंकलेल्या घोड्यावर सगळे तुटून पडतात, पण मैलाचा वेग वेगळा आणि दीड मैलाचा दम वेगळा. त्या शर्यतीचं चित्रण पुन्हा बघा. शेवटच्या 200 मीटरमध्ये कोण अजूनही पुढच्या घोड्यांशी असलेलं अंतर कापत होता, ते शोधा. मग घोड्याचा बाप आणि आईचा बाप बघा. त्यांची संतती 2000 मीटरच्या पुढे टिकली का? माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

फिलीला, म्हणजे तरुण घोडीला, कमी लेखू नका. तिला वजनात सूट असते, आणि 1943 ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनेच मारली होती.

एकाच ट्रेनरचे दोन-तीन घोडे असतील, तर तबेल्याचा मुख्य जॉकी कुठल्यावर बसतोय ते नक्की बघा. सरावातल्या धावांना लागलेल्या वेळा वाचा, पण नुसत्या वेळेवर भाळू नका. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, घामाने फेसाळलेला, सारखा लगाम ओढणारा घोडा दिसला तर मी त्याचं नाव खोडतो. शर्यतीसाठी लागणारी ताकद तो तिथेच घालवत असतो.