चैत्रात एका रविवारी सगळ्या घराला बोलवायचं आहे. बाग, स्वयंपाक आणि गप्पा एकाच दिवसात तुम्ही कशा जमवता?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट आहे, गॅलरीत दहा-बारा कुंड्या आहेत, चैत्रगौरीच्या निमित्ताने सासर-माहेरची पंधराएक माणसं बोलवायची आहेत. आणि लोक येतात, जेवतात, मोबाइल बघत बसतात नि जातात, तसं या वेळी व्हायला नको. माझं पहिलं सांगणं हेच की त्यांना जेवायला बोलवू नका, कामाला बोलवा. सकाळी सातला. चहा आमच्याकडेच घ्या म्हणावं.

आमचं घर वाईला. मागे परसदार आहे, तिथे मोगरा, कढीपत्ता, अळू, थोडी हळद आणि एक जुना शेवगा. दरवर्षी चैत्रातला एक रविवार सगळे इथे जमतात. चैत्रगौर शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यामुळे निवडायला चांगले चार रविवार मिळतात. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, त्यावरून अंदाज येईल. शक्यतो सुरुवातीचा रविवार धरा. पुढे ऊन सोसत नाही, लग्नांच्या तारखा लागतात आणि कैरीतली कोयही टणक होत जाते.

आधी बाग, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही. नऊच्या आत मातीतली कामं उरकायची. आमच्याकडे त्या दिवशी हळदीचा शेवटचा वाफा काढतात. पानं पिवळी पडून वाळली की कंद तयार झाला समजायचं. कुदळीने कडेकडेने माती सैल करायची आणि गड्डा हाताने उचलायचा, नाहीतर हळकुंडं तुटतात. मधला जाड जेठा गड्डा बियाण्यासाठी बाजूला ठेवतात, सावलीत पाल्याखाली, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा लावतात. बाकीची थोडी ओली हळद लोणच्याला, उरलेली उकडून वाळवणाला. ताज्या गड्ड्यावरची माती अंगठ्याने पुसली की खालून जो केशरी रंग निघतो तो बघायला मुलं आपणहून वाकतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळू दिलेल्या असतात. त्या सोलून बी राखेत घोळवून बरणीत भरायचं, म्हणजे कीड लागत नाही. हे काम सासूबाईंचं. त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून ओट्यावर सूप घेऊन बसतात आणि जो शेजारी येईल त्याची चौकशी सुरू करतात.

तुमच्या कुंड्यांनाही पुष्कळ काम निघेल. मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला असेल तर फुलून गेलेले शेंडे दोन-तीन पेरांवर कापा आणि मूठभर शेणखत किंवा कंपोस्ट द्या, नव्या फुटीवर पुन्हा कळ्या धरतात. कढीपत्त्याचे शेंडे खुडा, तो उंच जाण्याऐवजी भरून येतो, शिवाय खुडलेला पाला त्याच दिवशी फोडणीत जातो. प्रत्येक कुंडीत मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. सोसायटीतला झाडलेला पालापाचोळा लोक जाळतात याचं मला फार वाईट वाटतं. उन्हाळ्यात त्याच्यासारखं आच्छादन नाही, मातीतली ओल टिकते आणि पाणी बरंच कमी लागतं. गॅलरी पश्चिमेला असेल तर हिरवी जाळी बांधाच. आणि मुलांना एका पसरट कुंडीत लाल माठ पेरायला द्या. महिन्याभरात भाजी येते, तोवर मुलं रोज बघत राहतात आणि फोनवर आजीला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

आता स्वयंपाक. चैत्रात फार पदार्थ करू नयेत असं माझं ठाम मत आहे. आंब्याची डाळ, पन्हं, पोळ्या, एक भाजी, दहीभात, कलिंगड. बस. आमच्याकडे भाजी बहुतेक शेवग्याच्या शेंगांची होते, कारण झाड समोर उभं असतं.

डाळीवर मात्र जीव लावा. पंधरा माणसांना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ पुरते. पहाटे उठल्या उठल्या भिजत घाला. आदल्या रात्री घातली तर या उकाड्यात तिला वास येतो. चार-पाच तासांनी दाणा नखाने सहज तुटला की चाळणीवर उपसा आणि अगदी कोरडी होईपर्यंत निथळू द्या. इथे घाई केली की डाळ वाटताना गिच्च होते. हिरव्या मिरच्या आणि मिठाबरोबर भरड वाटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, दाणा बोटाला लागला पाहिजे. कैरी आंबट हवी. तोतापुरी दिसायला देखणी असते, पण तिच्यात तो आंबटपणा नाही, गावठीच घ्या. दोन-तीन कैऱ्या किसून घाला, आंबटपणा बघून कमी-जास्त करा. मग ओलं खोबरं, कोथिंबीर, चिमूट-दोन चिमूट साखर. फोडणी मोहरी, भरपूर हिंग, हळद आणि सुक्या लाल मिरच्यांची, तेल सढळ, आणि ती गार झाल्यावरच वर ओतायची.

पन्ह्याला किलोभर कैऱ्या उकडा, गर काढा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, थोडं मीठ, वेलची. हे आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं, देताना गार पाणी घालायचं.

गप्पांचं तुम्ही विचारलंय. माणसांना समोरासमोर सोफ्यावर बसवलं की "काय मग, कसं काय?" याच्या पुढे गाडी जात नाही. हात गुंतलेले असले आणि नजर कामावर असली की माणूस बोलतो. आमच्या घरातली प्रत्येक महत्त्वाची बातमी कोथिंबीर निवडताना नाहीतर डाळ निथळत असताना कळली आहे. नणंदेच्या लेकीला दिवस गेल्याचंही असंच कळलं. ती कैरी किसत होती, किसता किसता फोडींवर फोडी मीठ लावून खात होती, आणि जाऊबाईंनी नुसतं वर बघितलं. तिथल्या तिथे डोहाळजेवण कुणाकडे करायचं यावर दोन पक्ष पडले.

या वर्षीची मोठी बातमी पुतणीची. बारावीचा शेवटचा पेपर झालाय, सीईटीचा अभ्यास चालू आहे, आणि इंजिनिअरिंगला जायचं हे घरात गृहीत धरलेलं होतं. हळदीचा वाफा काढताना ती माझ्या शेजारी होती. गड्ड्याची माती झाडत म्हणाली, "काकू, मला ॲग्रीला जायचंय. बाबांना तुम्ही सांगाल का?" मी म्हटलं, मी नाही सांगणार, तूच सांग, पण आधी आजीपाशी जा. मला माझ्या सासूबाई माहीत आहेत. त्यांनी घेवडा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. चार वर्षांचा अभ्यास, विद्यापीठ राहुरीला, पुण्याचं कृषी महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचं, पुढे काय काय करता येतं, सगळं. मग म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी जन्मभर हळद केली, पण पानांवर करपा का पडतो ते त्यांना कुणी नीट सांगितलं नाही. तू शिकून ये आणि मला सांग. मी आहे तोवर ये म्हणजे झालं."

भाऊजी तिथेच शेवग्याच्या शेंगा काढत होते. त्यांनी ऐकलं, पण बोलले नाहीत. जेवताना घरातलं कुणीही त्यांना छेडलं नाही, हे मला आमच्या माणसांचं फार आवडलं. असल्या वेळी सगळ्यांनी मिळून एखाद्याला समजावायला बसू नये, त्याला वेळ द्यावा.

दुपारी तासभर सगळे आडवे होतात. ऊन कललं की मुली मोगऱ्याच्या फुगलेल्या, अजून न उमललेल्या कळ्या तोडतात, गजरे होतात, गौरीपुढे चैत्रांगण काढतात. हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे आणि काकडीची फोड, हाताला चंदनाचा लेप आणि त्यावर शिंपल्याने ओढलेल्या रेघा. तुमच्याकडे शिंपला नसेल तर काट्या-चमच्यातला काटा चालतो. लेप उगाळलेल्या चंदनाचा मात्र करा, बाजारच्या पावडरीला तो गारवा नाही.

पुरुष मंडळींनी काय करायचं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कुंड्या उचलणं, जाळी बांधणं, कलिंगड कापणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नारळ फोडून खवणं. खवणी त्यांच्याकडेच द्या. आमच्याकडे ते काम भाऊजींचं. संध्याकाळी डब्यात द्यायच्या डाळीसाठी आणखी एक नारळ हवा होता, म्हणून ते पुन्हा खवणीवर बसले, आणि पुतणी ताटली धरून समोर. अर्धी वाटी खवून झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "पुण्याला मिळेल का राहुरीला जावं लागेल?" ती म्हणाली, "मार्कांवर आहे बाबा." "मग उद्यापासून पहाटे उठ," म्हणाले, आणि दुसरी वाटी मागितली.