जेनेटिक्सची ओपीडी नवीन सुरू केलीस ना, मग हे वाच

अगं ठाण्यात बसायला लागलीस ते बेस्टच, पण पहिल्याच भेटीत एक्झोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं वाचणारी तपासणी, लिहून मोकळी होऊ नकोस. आधी कागदावर घरच्या तीन पिढ्यांची वंशावळ काढ. "नात्यात लग्न झालंय का" विचारलंस की बरेच जण नाही म्हणतात, कारण मामाची मुलगी केली तर आपल्याकडे त्याला वेगळं नातं कोण मानतं, म्हणून सरळ विचार, सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागायच्या? "आत्या" असं उत्तर आलं की पेन थांबतं बघ.

उल्हासनगरकडून थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची, कुटुंबं येतील. आईबाप दोघं कॅरियर असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण सदोष जनुक बाळगून, की बाळाला आजार होण्याची शक्यता प्रत्येक खेपेला २५ टक्के, हे "प्रत्येक खेपेला" दोनदा सांग, नाहीतर घरी जाऊन हिशेब करतात की एक झालं, आता पुढची तीन सेफ.

आणि काहीतरी शोध लावायचाय म्हणतेस, तर मशीनच्या मागे लागू नकोस. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात पीकेयू हा जन्मजात आजार बाळांत शोधायला काय वापरलं, बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त आणि फिल्टर पेपर! मी पोरांच्या डोळ्यांमधलं अंतर (काही जनुकीय आजारांत ते वेगळं असतं) मोजायला जुन्या एक्सरे फिल्मची पट्टी कापून घेतली, कारण टेप दिसली की पोरं ती आधी तोंडात घालतात. अजून तीच वापरतो, कडा मात्र घासून घे, एकदा माझंच बोट कापलंय.