लॉनवर वाफा भरताना

वाफा 4 बाय 8 फूट, उंची 1 फूट ठेवा. भिंतीलगत असेल तर रुंदी अडीच फूटच, नाहीतर पलीकडे हात पोचत नाही.

लॉन हरळीचं असेल तर गवत दाबायला वाफ्याखाली अंथरतात त्या नुसत्या पुठ्ठ्यावर विसंबू नका. तिच्या गाठी पुठ्ठा कुजला की वर येतात, कडेनंही आत शिरतात. आधी वीतभर खणून मुळ्या वेचा, मग टेप काढलेले पुठ्ठे अर्धा फूट एकमेकांवर चढवून चिंब भिजवा.

भरायला 32 घनफूट लागेल: 16 माती, 10 चांगलं कुजलेलं शेणखत, 6 भिजवून फुगलेलं कोकोपीट, शिवाय 2 किलो निंबोळी पेंड. नागपूरची काळी माती एकटी भरू नका. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. निम्मी लाल माती मिसळा. ताजं शेण तर नकोच, मुळं भाजतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

पाणी देऊन आठवडाभर थांबा. वाफा दोन-तीन इंच बसेल, तेवढा पुन्हा भरा. हे सगळं मृगाआधी उरकलेलं बरं, ओली काळी माती फावड्याला सोडत नाही. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो.