१८७९ च्या आधी वुंट काय करत होता?

प्रश्न: सर, मी बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलंय. आमच्या पुस्तकात विल्हेल्म वुंट एकदम १८७९ ला उगवतो, जर्मनीत लायप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढतो, विषय संपला. त्याआधीची ४७ वर्षं हा माणूस काय करत होता? शाळेपासूनच पहिला नंबर वगैरे होता का? क्लासमध्ये विचारलं तर 'परीक्षेला येत नाही' म्हणाले.
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: पहिला नंबर? अगं नापास झालेला गडी! जन्म १८३२ चा, मानहाइमजवळचं नेकाराऊ गाव, वडील पाद्री. नातेवाइकांत प्रोफेसर होते पण हा पोरगा एकलकोंडा, जागेपणी स्वप्नं बघणारा. वडिलांच्या हाताखाली एक तरुण पाद्री होता, त्याच्याच खोलीत हा राहायचा, त्याच्याकडंच शिकायचा, आणि त्याची बदली झाली तर ह्यानं इतकं मनाला लावून घेतलं की घरच्यांनी शेवटी ह्यालाच तिकडं राहायला पाठवलं. पुढं ब्रुखझालच्या शाळेत वर्ष बुडालं. एका शिक्षकानं तर सांगितलं, पोस्टात चिकटव ह्याला. (आपल्याकडं पोरगं पोस्टात लागलं तर पेढे वाटतील, त्या घरात मात्र तो अपमान.) मग हायडेलबर्गची शाळा, तिथं गाडी जरा रुळावर आली.

१८५१ ला मेडिकलला गेला, आधी ट्यूबिंगनला, तिथं मामा शरीररचनेचे प्रोफेसर, मग परत हायडेलबर्ग. वडील वारलेले, पैसा बेताचा, त्यामुळं डॉक्टरकी म्हणजे पोटाची सोय. पण खरी गंमत इथंच सुरू होते. केमिस्ट्रीला बुन्सेन शिकवायला होता, तोच बर्नरवाला, आणि त्या नादात ह्यानं स्वतःच्या जेवणातलं मीठ तोडलं आणि लघवीत मीठ किती उतरतंय ते मोजत बसला. १८५३ ला त्याचा पेपर छापूनसुद्धा आला. कोल्हापुरात बिनमिठाचा रस्सा वाढला तर लोक ताटावरनं उठतील, आणि हा बाबा हौसेनं खात होता! मला विचारशील तर वुंट इथंच घडला, स्वतःच्याच शरीराकडं प्रयोगाची वस्तू म्हणून बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही, मोजायचं.

डॉक्टर होऊन वॉर्डात ड्यूटी करताना एका रात्री झोपेतनं उठवलं, पेशंट तापात बरळत होता. ह्यानं अर्धवट झोपेत गुंगीच्या औषधाऐवजी त्याच्या तोंडात आयोडीन घातलं. पेशंटनं थुंकलं म्हणून निभावलं. पण ह्याच्या डोक्यात किडा शिरला, मी जागा होतो, चालत होतो, तरी माझं मलाच कसं कळलं नाही? आपण डॉक्टरकीच्या लायकीचे आहोत का, अशीही शंका यायला लागली.

१८५८ ला हेल्महोल्ट्झ हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ हायडेलबर्गला आला आणि वुंट त्याचा असिस्टंट झाला. मज्जातंतूतनं संदेश किती वेगानं जातो हे हेल्महोल्ट्झनं १८५० च्या सुमारालाच मोजलेलं, म्हणजे आतल्या घडामोडींना वेळ लागतो हे सिद्धच होतं. तिकडं खगोलवाल्यांची वेगळीच कटकट, दुर्बिणीतला तारा आणि घड्याळाची टिकटिक एकदम टिपायची तर दोन माणसांचे आकडे जुळायचेच नाहीत. १७९६ ला ग्रिनिचच्या वेधशाळेत एका असिस्टंटची नोकरी त्यापायी गेली होती. वुंटनं हे दोन्ही धागे जोडले. १८६१ च्या सुमाराला घड्याळाचा लंबक घेतला, घंटा वाजायची सोय केली आणि बघितलं, की घंटा ऐकू येते त्या क्षणी लंबक कुठं दिसतो. खऱ्या जागी दिसायचाच नाही! साधारण सेकंदाच्या आठव्या भागाचा फरक. अर्थ काय काढला, तर लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर, दुसरीकडं वळायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजता येतो. १८६२ ला मानसशास्त्र हे निसर्गविज्ञान म्हणून लेक्चरं सुरू केली, १८७३-७४ ला मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ छापून आला, १८७५ ला लायप्झिगला गेला. तुझं पुस्तक उघडतं ते ह्यानंतर चार वर्षांनी.

परीक्षेत मात्र १८७९ च लिही, मार्क त्यालाच आहेत.