हॅना मॉन्टानाच्या कॉन्सर्ट फिल्मचं आणि तिच्या नावाच्या वस्तूंचं एवढं वेड का लागलं होतं?

तुम्ही विचारलंय की २००८ मध्ये अमेरिकेत हॅना मॉन्टाना ह्या डिस्नीच्या टीव्ही सिरीयलमधल्या पॉपस्टारच्या कॉन्सर्टची थ्रीडी फिल्म आली तेव्हा लोक एवढे का तुटून पडले, तो सगळा डिस्नीच्या मार्केटिंगचा खेळ होता का, आणि आता तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला तिच्या लाडक्या गायिकेची फिल्म पण बघायचीय आणि तिच्या नावाच्या सगळ्या वस्तू पण हव्यात तर काय करावं. मी तेव्हा न्यू जर्सीत होते, मुलगी दुसरीत होती, त्यामुळे हे वेड आमच्या घरातच मुक्कामाला होतं म्हणा ना. माझं मत आधीच सांगून टाकते. मार्केटिंग होतं, भरपूर होतं, पण नुसत्या मार्केटिंगने पोरी अशा वेड्या होत नाहीत. त्या गोष्टीची रचनाच अशी होती की वस्तू घेणं हा त्यांच्या खेळाचा भाग होऊन बसला.

ज्यांनी सिरीयल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च २००६ ला डिस्ने चॅनलवर सुरू झाली. माइली स्टुअर्ट नावाची साधी शाळकरी मुलगी, पण गुपचूप ती मोठी पॉपस्टार हॅना मॉन्टाना असते, आणि दोघींमध्ये फरक काय तर एक सोनेरी विग. बस एवढंच. विग घातला की स्टेज, लाइट, हजारो लोक, विग काढला की गृहपाठ आणि भावाशी भांडण. ते काम करणारी माइली सायरस सुरुवातीला १३ वर्षांची होती, आणि सिरीयलमधले तिचे बाबा म्हणजे तिचे खरे बाबा, बिली रे सायरस, तेही ९० च्या दशकातले गाजलेले कंट्री सिंगर. म्हणजे खरं काय आणि नाटक काय ह्याची सरमिसळ पहिल्या दिवसापासून होती आणि मुलांना तेच फार आवडायचं.

आता विचार करा, सात वर्षांच्या मुलीला ही गोष्ट काय सांगते? की तू आत्ता जशी आहेस तशीच राहा, वर्गात बस, डबा खा, आणि तरी तू स्टार असू शकतेस, फक्त विग पाहिजे. आणि तो विग दुकानात मिळतो! बार्बी घेतली तर बार्बीशी खेळता येतं, पण हॅनाचा विग घेतला की हॅनाच होता येतं. मला वाटतं इतर सगळ्या कॅरेक्टर्सच्या वस्तूंपेक्षा ह्या वस्तू वेगळ्या ठरल्या त्या इथे.

२००७ च्या ख्रिसमसला वॉलमार्ट आणि टार्गेटमध्ये खेळण्यांच्या रांगेत बघाल तिकडे हॅना होती. गाणारी बाहुली, माइक, खोटी गिटार, दप्तर, डब्याची पिशवी, चादरी, उशीचे अभ्रे. एक तर टूथब्रश होता, त्याचं बटण दाबून ब्रश दातांना लावला की हॅनाचं गाणं ऐकू यायचं, बाहेरून अगदी बारीक पण तोंडात असताना छान मोठ्याने, कारण आवाज दातांतून आणि जबड्याच्या हाडातून कानापर्यंत जायचा, आणि गाणं साधारण दोन मिनिटं चालायचं म्हणजे डेंटिस्ट सांगतात तेवढा वेळ ब्रश होतो. माझी मुलगी गाणं संपेपर्यंत आरशासमोरून हलायची नाही आणि ब्रश तोंडात ठेवूनच नाचायची, सगळा फेस नाईटड्रेसवर. ती एक वस्तू मात्र मी कोणालाही डोळे झाकून सांगितली असती की घे बाई.

विगचं सांगायचं तर तो नायलॉनचा, बॅंग्ज म्हणजे कपाळावरचे केस पुढे कापलेले, दोन दिवसांत त्याचा गुंता व्हायचा आणि थंडीत स्वेटर काढताना त्यात करंट यायचा तो वेगळाच. मी रात्री तो डायनिंग टेबलच्या खुर्चीवर अडकवून मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर असा विंचरायचे, मुळापासून ओढला की केस हातात. त्या वर्षी आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीची मुलगी परकर-पोलकं, हातात तिळगुळाची वाटी आणि डोक्यावर तो सोनेरी विग अशी आली होती, आणि तिची आजी भारतातून आलेली, ती सगळ्यांना कौतुकाने सांगत होती की आमची सोनू हॅना झालीय. आजींना हॅना कोण ते काडीचं माहीत नव्हतं पण नातीचा चेहरा फुललेला दिसत होता ना, त्यांना तेवढं पुरलं.

बरं, आता कॉन्सर्टकडे येते कारण त्याशिवाय फिल्म कळणार नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये सेंट लुइसपासून हॅना बनलेल्या माइलीच्या खऱ्याखुऱ्या कॉन्सर्टची टूर सुरू झाली. तिकिटाची छापील किंमत साधारण २५ ते ६५ डॉलर होती म्हणजे पालकांना परवडेल अशीच, पण बुकिंग उघडलं की मिनिटांत संपायचं आणि थोड्या वेळाने तीच तिकिटं रीसेलच्या साइटवर २०० डॉलरच्या वर, चांगल्या जागा असतील तर त्याच्याही कितीतरी पट. दलाल लोक सॉफ्टवेअर वापरून एका वेळी ढिगाने तिकिटं उचलत होते. ह्यावरून तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने एका सॉफ्टवेअर कंपनीला लॉस एंजेलिसच्या कोर्टात खेचलं आणि मनाई हुकूम मिळवला, मिसुरी राज्याच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, दलालांवर खटले भरले, आणि पैसे भरून फॅन क्लबचे मेंबर झालेल्या पालकांनी तिकिटं न मिळाल्याबद्दल वेगळा दावा लावला. एका पॉप कॉन्सर्टवरून सरकारी वकील कामाला लागलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आणि त्याच डिसेंबरमध्ये एका दुकानाच्या निबंध स्पर्धेत, बक्षीस काय तर कॉन्सर्टची तिकिटं आणि हॅनाचा विग, एका सहा वर्षांच्या मुलीच्या नावाने निबंध आला की माझे बाबा इराकमध्ये मारले गेले, तो जिंकला, आणि मग कळलं की ते सगळं खोटं होतं, शेवटी बक्षीस काढून घेतलं. ती बातमी ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, त्या वयाच्या मुलीच्या नावावर मोठ्यांनी असलं काही लिहायचं म्हणजे काय. पण त्यावरून वातावरण कुठपर्यंत गेलं होतं ते कळतं.

आम्हाला पण तिकिटं मिळाली नाहीत, आमच्या ओळखीतल्या बहुतेक कोणालाच नाही. म्हणजे देशभर लाखो घरांत एकेक रडलेली मुलगी होती, आणि अशा वेळी डिस्नीने सांगितलं की टूर सॉल्ट लेक सिटीत शूट केलीय, थ्रीडीमध्ये, आणि १ फेब्रुवारीपासून फक्त एकच आठवडा थिएटरमध्ये दाखवणार. टूरचा शेवटचा शो मायामीला ३१ जानेवारीला, दुसऱ्या दिवशी फिल्म! तिकीट १५ डॉलरपर्यंत, तेव्हा साध्या पिक्चरचं सरासरी ७ च्या आसपास असायचं आणि डॉलर चाळीस रुपयांना होता, मी मनातल्या मनात सहाशे रुपये असा हिशोब करायचे, सवय जात नाही. पण रीसेलच्या दोनशे-तीनशे डॉलरच्या तुलनेत पंधरा डॉलर म्हणजे पालकांना सुटल्यासारखं झालं.

आकडे सांगते कारण ते खरंच थक्क करणारे आहेत. तेव्हा अवतार हा गाजलेला थ्रीडी पिक्चर यायला अजून जवळपास दोन वर्षं होती, डिजिटल थ्रीडीची सोय असलेली थिएटरं फारच थोडी, त्यामुळे फिल्म लागली फक्त ६८३ ठिकाणी. तेव्हा मोठे पिक्चर तीन-साडेतीन हजार थिएटरात लागायचे हे लक्षात घ्या. तरी पहिल्या तीन दिवसांत ३ कोटी ११ लाख डॉलर, एकेका थिएटरमागे ४५ हजारांच्या वर, आणि देशात पहिला नंबर. तेही सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या वीकेंडला, जेव्हा थिएटरवाले धंद्याची आशाच सोडतात. त्या रविवारी जायंट्सची मॅच होती, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्याच स्टेडियममध्ये खेळणारी टीम, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी बाबा लोक टीव्हीसमोर आणि आया मुलींना घेऊन थिएटरमध्ये अशी सरळ वाटणी झाली होती. एका आठवड्याचा वायदा अर्थातच वाढवला. अमेरिकेतली एकूण कमाई साडेसहा कोटी डॉलर, आणि बनवायला खर्च झाला होता साधारण ७० लाख.

थिएटरमधलं वातावरण मी आयुष्यात विसरणार नाही. काळे चष्मे लावलेल्या, त्यावर सोनेरी विग घातलेल्या पोरी, खुर्चीवर कोणी बसलेलंच नाही, पडद्यावर हॅनाने हात पुढे केला की समोरच्या चार रांगा हात पुढे करतायत पकडायला, थ्रीडीमुळे खरंच वाटायचं की बोटं लागतील. आणि गाणी सगळ्यांना पाठ. मला तर वाटतं कॉन्सर्टला शेवटच्या रांगेत बसून जे मिळालं नसतं ते इथे मिळालं, तिचा चेहरा एवढा जवळून. फिल्ममध्ये अर्धा वेळ ती हॅना म्हणून गाते, मग मध्ये जोनास ब्रदर्स हा तीन भावांचा बँड येतो तेवढ्यात ती कपडे बदलते, आणि मग विग काढून स्वतःच्या नावाने माइली म्हणून गाते. मधेमधे रिहर्सलचे भाग आहेत, त्यात एकदा डान्सर मुलांच्या हातून ती निसटून पडते आणि घाबरते, ते बघताना हॉलमधला सगळा गोंगाट थांबला होता. आणि एक भाग आहे त्यात मुलींना तिकीट मिळावं म्हणून बाबा लोक हाय हिल्स घालून शर्यतीत पळतायत, तिथे आया सगळ्यात जास्त हसल्या.

जानेवारीत एक बातमी आली होती की स्टेजवर कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून एका गाण्याच्या शेवटी मिनिटभर दुसरीच मुलगी तोच विग घालून नाचते. यूट्यूबवर व्हिडिओ फिरला, मोठी माणसं फसवणूक फसवणूक म्हणून ओरडली. मी घाबरत घाबरत मुलीला सांगितलं तर ती उलट खूश, म्हणे म्हणजे ती पण हॅना झाली! मला तेव्हा ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली सापडल्यासारखं वाटलं.

तुमचा मार्केटिंगचा प्रश्न. हो, हॅना हे कॅरेक्टर डिस्नीच्या मालकीचं, माइलीच्या नाही. डिस्नी खेळणीवाल्यांना, कपडेवाल्यांना तिचं नाव आणि चेहरा वापरायचं लायसन्स देते आणि प्रत्येक विक्रीमागे रॉयल्टी घेते, कारखाना स्वतः चालवत नाही. सिरीयल वस्तूंची जाहिरात, वस्तू टूरची जाहिरात, टूर फिल्मची, आणि फिल्म बघून बाहेर आलं की परत वस्तू. ऑगस्टमध्ये डीव्हीडी. हे सगळं अगदी विचार करून आखलेलं होतं ह्यात वादच नाही. पण हाच सगळा साचा डिस्नीने पुढच्याच वर्षी जोनास ब्रदर्ससाठी वापरला, फेब्रुवारी २००९, तेही थ्रीडी, थिएटरं जवळपास दुप्पट, १२७१, आणि पहिल्या वीकेंडला आले फक्त सव्वा कोटी डॉलर. गाणारी मुलंही लोकप्रिय, कंपनी तीच, चष्मे तेच. पण जोनास ब्रदर्स बघायचे असतात, होता येत नाही, निदान सात वर्षांच्या मुलीला तरी नाही. उलट २०११ ला जस्टिन बीबरची फिल्म आली ती परत जोरात चालली, अमेरिकेत ७ कोटी ३० लाख डॉलर, पण तिथे ओढ वेगळी होती, यूट्यूबवर गाणारा साधा मुलगा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या प्रसिद्ध स्टेडियमपर्यंत पोचतो ही गोष्ट होती. म्हणजे दोन्ही वेळा मुलांना गोष्ट हवी होती, नुसता चेहरा नाही.

आता तुमच्या मुलीचं. फिल्मला नक्की न्या, आणि पहिल्याच आठवड्यात न्या, नंतर हॉल रिकामा होतो आणि मग ती घरी टीव्हीवर बघण्यासारखीच होते, गर्दीतल्या बाकीच्या मुलींसोबत ओरडून गायला मिळणं ह्याचेच तर पैसे देतोय आपण. २०२३ ला टेलर स्विफ्टची एराज टूरची फिल्म भारतात पण आली होती, तिथेही लोक खुर्च्या सोडून नाचत होते, हातात मण्यांची ब्रेसलेट्स, घरी बनवलेली. तसलं काहीतरी आधी दोन-तीन दिवस मुलीबरोबर बसून बनवा, मणी आणि इलास्टिक शंभर-दीडशे रुपयांत येतं.

वस्तूंचं म्हणाल तर सगळ्या घेऊ नका पण एकही नको असंही करू नका. मुलगी जिच्याशी खेळेल, अंगावर घालून नाचेल, हातात धरून गाईल ती घ्या, माइक, जाकीट, विग, काय असेल ते. नुसता चेहरा छापलेल्या गोष्टी, चादर, डबा, बाटली, ह्या तिच्यासाठी आठ दिवसांत जुन्या होतात आणि किंमत मात्र दुप्पट असते. आणि थिएटरच्या लॉबीत लगेच घेऊ नका, तिथे मुलीचा हट्ट आणि तुमची घाई दोन्ही एकदम असतात. फिल्म बघून घरी या, दोन दिवसांनी तिला विचारा कुठली एक हवी. ती जी सांगेल तीच घ्या, आपल्याला कितीही फालतू वाटली तरी. आमच्याकडचा विग चौथीपर्यंत टिकला, शेवटी शेवटी निम्मे केस उरले होते तरी टाकू देत नव्हती.